पेटीतलं चामडं

शीव कोळीवाड्यात मी राहत होतो, तेव्हा पहाटे दोन पेट्या कानावर पडत. एक भजनाची, दुसरी गुरुद्वारातल्या कीर्तनाची. फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबं इथे वसली होती. भाषा निराळ्या, पेटी एकच.

एका पावसाळ्यात माझ्या पेटीची पट्टी सोडली तरी आवाज थांबेना. "मास्तर, सूर बिघडला," मी म्हटलं. दुरुस्ती करणाऱ्या मास्तरांनी झाकण काढलं. "सूर शाबूत आहे. चामडं आखडलंय."

पट्टीखाली लाकडी झडप असते, तिला मऊ चामडं चिकटवलेलं. पट्टी दाबली की झडप उचलते आणि हवा पितळी सुरातून वाहते. सोडली की स्प्रिंग तिला बसवते. चामडं कडक झालं की फट राहते. मास्तरांनी जुनं खरवडून नवं सरसानं बसवलं, मऊ बाजू भोकाकडे ठेवून. मग स्प्रिंग किंचित वाकवली. ताण कमी पडला तर हवा निसटते, जास्त झाला तर बोटं दुखतात.

पियानोचीही हीच गत. इटलीच्या क्रिस्तोफोरी यांनी 1700 च्या सुमारास केलेल्या पियानोत हातोड्यांना चामडंच होतं. 1826 मध्ये पॅरिसच्या पाप यांनी तिथे नमदा आणला. तरी ग्रँड पियानोत हातोडीच्या दांड्याखालची लहानशी गुंडाळी चामड्याचीच राहिली.

पेटीचं मूळही पॅरिसचं. दबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला. आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफिलीत मान मिळवून दिला. तरीही 1940 मध्ये रेडिओनं तिला दार बंद केलं. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, शिवाय ती परकी, असा आक्षेप होता. साथीपुरतं का होईना, ते दार किलकिलं व्हायला 1971 साल उजाडलं.

मींडेचा आक्षेप खरा आहे. परकेपणाचा मात्र मला पटत नाही. "तुम्ही मुसलमान, मग मराठीत कविता कशी?" असं मलाही विचारतात. मी सांगतो, जिच्यात बोलायला शिकलो, तिच्यात.

पेटी परत देताना मास्तरांनी बजावलं, "रोज वाजवा. पडून राहिली की चामडं पुन्हा आखडेल."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)