नाव एक, सेलू दोन

वर्धा-नागपूर रस्त्यावर एक सेलू आहे आणि मनमाड-नांदेड लोहमार्गावर, परभणी जिल्ह्यात, दुसरं. दोन्ही तालुक्याची गावं. पाकिटावर नुसतं ‘सेलू’ लिहिलं तर ते कुठे पोचेल, हे छाननी करणाऱ्याच्या अंदाजावर. हा अंदाज संपवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो बेतला डाक-तार खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. हे गृहस्थ संस्कृत कवीही होते. दोन्ही सेलूंच्या पिनकोडचा पहिला अंक ४, फाटा फुटतो दुसऱ्याच अंकावर: वर्ध्याकडच्याचा कोड ४४२ने सुरू होतो, परभणीकडच्याचा ४३१ने.

एका नावाचे दोन पत्ते, हा घोळ संगणकाला सुरुवातीला ठाऊकच नव्हता. केंब्रिजचं ‘एडसॅक’ यंत्र १९४९मध्ये चालू झालं आणि १९५१पर्यंत त्याच्या लायब्ररीत, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार प्रोग्रामांच्या संग्रहात, ८७ उपक्रिया जमल्या. प्रत्येक उपक्रिया भोकं पाडलेल्या कागदी फितीवर, आणि फिती पोलादी कपाटात. लायब्ररी कुठे आहे, असं कुणी विचारलंच तर कपाटाकडे बोट दाखवायचं.

घोळ सुरू झाला तो हे कपाट संगणकाच्या चकतीत (डिस्कमध्ये) शिरल्यावर. बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थॉम्प्सन आणि रिची यांच्या युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली चकती भरली. उरलेला माल त्यांनी दुसऱ्या चकतीवर, ‘यूझर’ नावाच्या कप्प्यात, सारला. वापरणाऱ्यांच्या फायलींसाठी केलेल्या जागेत लायब्रऱ्याही येऊन बसल्या. जागेच्या अडचणीतून पडलेली ही वाटणी पुढे शास्त्र म्हणून शिकवली गेली. फेडोरा लिनक्स या प्रणालीने लायब्रऱ्यांची ही दोन्ही घरं एकत्र केली ती २०१२मध्ये!

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत (१९९१) लायब्ररीच्या शोधाचा क्रम ठरलेला असतो. आधी चालू फाइलचा स्वतःचा फोल्डर, मग वापरणाऱ्याने खास नेमून दिलेले पत्ते, मग भाषेसोबत आलेली लायब्ररी, शेवटी ‘साइट-पॅकेजेस’ हा बाहेरून आणलेल्या मालाचा फोल्डर. पहिलं सापडलं की शोध थांबतो. म्हणून सेलूच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या फाइलला ‘रँडम’ नाव दिलं, की यादृच्छिक आकडे देणारी मूळ लायब्ररी झाकली जाते आणि तो तासभर भलत्याच चुका शोधत बसतो. खरं तर ‘तू कुठली?’ असं लायब्ररीलाच विचारावं: तिच्या नावापुढे टिंब, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा देऊन ‘फाइल’ हा इंग्रजी शब्द. पायथनमध्येच लिहिलेली बहुतेक लायब्ररी तिथल्या तिथे आपला पूर्ण पत्ता सांगते. ‘पिप’ या साधनाने बाहेरून आणून बसवलेल्या पॅकेजची जागा ‘पिप शो’ ही आज्ञाही दाखवते. मात्र एकाच संगणकावर दोन पायथन असले, तर ज्या पायथनचा पिप त्याचंच उत्तर मिळतं. २०१२मध्ये, पायथन ३.३पासून, प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र आभासी बिऱ्हाड थाटायची सोय भाषेतच आली. तेव्हापासून एकाच लायब्ररीच्या चार प्रती एका संगणकावर असणं नेहमीचंच.

पायथन दोन नावांत पहिलं उचलतो आणि दुसऱ्याविषयी चकार शब्द काढत नाही. वर्ध्याच्या सेलूला पत्र टाकाल तेव्हा ४४२ आधी लिहा.