'परप्रांतीय' शब्द एकच, पण मीरा-भाईंदरमधल्या मारवाडी दुकानदाराची आणि यूपी-बिहारच्या कामगाराची परिस्थिती इतकी वेगळी का?

जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडमधला एक व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरला. मराठी बोलण्यावरून झालेल्या वादात मनसेचे कार्यकर्ते एका राजस्थानी मिठाई दुकानदाराच्या कानाखाली मारताना त्यात दिसत होते. ३ जुलैला शहरातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मनसे आणि मराठी संघटना रस्त्यावर उतरल्या. पोलिसांनी आधी परवानगी नाकारली, धरपकड केली, पण मोर्चा निघालाच. १८ जुलैला राज ठाकरेंची मीरा रोडमध्ये सभा झाली.

या तीन आठवड्यांत सोशल मीडियावर 'परप्रांतीय' हा शब्द खूप वापरला गेला. पण या एका शब्दात किमान दोन अगदी वेगळे समाज कोंबले जातात. एक, राजस्थानातून आलेला आणि महाराष्ट्रात सरसकट 'मारवाडी' म्हटला जाणारा व्यापारी समाज. दुसरा, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार, रिक्षावाला, फेरीवाला. दोघांचं मूळ गाव महाराष्ट्राबाहेरचं आहे. पण घर, कमाई, कर्ज, मुलांची शाळा आणि राजकीय वजन यांत दोघांमध्ये मोठं अंतर आहे.

हे अंतर नेमकं किती आणि ते कशामुळे पडलं, ते समजून घेऊ.

आधी शहराचं गणित

मीरा-भाईंदर मूळचं आगरी, कोळी, ईस्ट इंडियन आणि आदिवासी वस्तीचं. उत्तनला मासेमारी, राई-मुर्धा-मोर्वा भागात शेती आणि मिठागरं, तर काशीमीरा-चेणे पट्ट्यात आदिवासी पाडे. १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका.

मधल्या काळात शहर ज्या वेगाने वाढलं, तो वेग आकड्यांतून दिसतो. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या होती १,७५,६०५. २००१ मध्ये ती ५,२०,३८८ झाली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. म्हणजे वीस वर्षांत साडेचार पटीहून जास्त. ही वाढ फक्त जन्मदराने होऊ शकत नाही. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे मुंबईपेक्षा स्वस्त घर आणि स्वस्त गाळा मिळतो, शिवाय पश्चिम रेल्वेची लोकल आहे, म्हणून लोक इथे आले.

त्यात मुंबईत घर न परवडणारी मराठी कुटुंबं होती, गुजराती, मुस्लिम, दक्षिण भारतीय होते. आणि आपले हे दोन समाजही होते.

फरक राज्याचा आहे का?

पहिला अंदाज सगळे असाच करतात की राजस्थान पुढारलेलं असेल आणि यूपी-बिहार मागास, म्हणून तिथून आलेल्या माणसांतही फरक दिसतो. आकडे मात्र इतकी सोपी गोष्ट सांगत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत राजस्थानची साक्षरता होती ६६.११ टक्के. उत्तर प्रदेशची ६७.६८ टक्के, म्हणजे राजस्थानपेक्षा थोडी जास्तच. बिहार ६१.८० टक्क्यांवर होतं आणि महाराष्ट्र ८२.३४ टक्क्यांवर.

गरिबीत फरक जास्त आहे. नीती आयोगाच्या २०२३ च्या बहुआयामी गरिबी अहवालात, २०१९-२१ च्या माहितीनुसार, बिहारमध्ये ३३.७६ टक्के, उत्तर प्रदेशात २२.९३ टक्के आणि राजस्थानात १५.३१ टक्के लोक गरीब होते. महाराष्ट्राचा आकडा ७.८१ टक्के. म्हणजे राजस्थानसुद्धा महाराष्ट्राच्या दुप्पट गरीब.

मग फरक कुठे पडतो? राजस्थानातून मीरा-भाईंदरला येणारा माणूस हा राजस्थानचा सरासरी माणूस नसतो. तो बहुतेक वेळा पाली, जालोर, सिरोहीसारख्या जिल्ह्यांतून, विशिष्ट समाजांतून आणि आधीच इथे दुकान थाटलेल्या नातेवाईकाच्या ओळखीने येतो. त्यातला मोठा भाग जैनांचा. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या जैन समाजाची साक्षरता ९५ टक्क्यांच्या आसपास होती, सर्व धर्मीयांमध्ये सर्वाधिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दर दहापैकी आठ जैन देशातल्या सर्वांत सधन पाचव्या हिश्शात आढळले.

म्हणजेच एक माणूस भांडवलाच्या ओळखीने शहरात येतो आणि दुसरा मजुरीच्या ओळखीने. बाकीचे फरक बहुतांशी यातून निघतात.

पेढी आणि मुकादम

मारवाडी व्यापाऱ्यांचं स्थलांतर जुनं आहे. महाराष्ट्राच्या गावागावांत ते ब्रिटिश काळातच सावकार आणि व्यापारी म्हणून पोहोचले होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव, म्हणजे 'दख्खनचे दंगे', मारवाडी-गुजराती सावकारांच्याच विरोधात होता. त्यानंतर १८७९ चा कर्जबाजारी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला.

या समाजाची खरी ताकद होती आपसातली पत. अभ्यासक थॉमस टिंबर्ग यांनी कोलकात्यातल्या मारवाड्यांच्या 'बासा' पद्धतीबद्दल लिहिलं आहे. बासा म्हणजे सामायिक राहण्या-जेवण्याची सोय. नवखा मुलगा तिथे उतरायचा, एखाद्या पेढीवर काम शिकायचा आणि काही वर्षांनी स्वतःचा धंदा काढायचा.

आजही तेच सूत्र चालतं. गावाकडून आलेला मुलगा नातेवाईकाच्या दुकानात काही वर्षं काम करतो. राहणं-जेवण मालकाकडे. धंद्याची नस कळली की तोच मालक किंवा ओळखीचा घाऊक व्यापारी त्याला उधारीवर माल देतो. जामीन राहतो तो समाजाचा शब्द. पैसे बुडवले तर बाजारात पत जाते आणि गावात सोयरीक जुळणं अवघड होतं. त्यामुळे तारण नसतानाही भांडवल उभं राहतं.

यूपी-बिहारच्या कामगारालाही ओळखीचं जाळं आहेच. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती करणारा जॉबर म्हणजे मुकादम आपल्या गावची, आपल्या भागातली माणसं आणायचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या संपल्या, पण मुकादम संपला नाही. आज तो बांधकामावरचा ठेकेदार असतो किंवा कारखान्यातला जुना कारागीर.

तो नवख्याला काम मिळवून देतो, खोलीत जागा देतो, गावी जायला उचलही देतो. पण उचल मजुरीतून फिटते आणि कामगार कामगारच राहतो. दुकानदाराची उधारी मालाची असते, त्यातून नफा निघतो. कामगाराची उचल पोटासाठी असते.

एकाच कारखान्यात दोघं

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत हे दोन समाज समोरासमोर दिसतात. हा भाग स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. पत्र्यातून गोल चकत्या कापायच्या, प्रेसखाली त्यांना वाटी-डब्याचा आकार द्यायचा आणि शेवटी पॉलिश मारायचं, असं हे काम.

यात गाळ्याचे मालक आणि भांड्यांचे घाऊक व्यापारी बऱ्याचदा राजस्थानी असतात. प्रेसवर आणि पॉलिशच्या चाकावर बहुतेक वेळा यूपी-बिहारचा कामगार. प्रेसवर बोटं जाण्याचा धोका असतो, पॉलिशवर धूळ थेट छातीत जाते. मजुरी अनेकदा नगावर, म्हणजे जितके नग तितके पैसे. काम बंद तर कमाई बंद.

कायद्याचं संरक्षण आहे, पण त्याला संख्येची अट आहे. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे २० कामगारांपासून लागू होतो, ईएसआय १० पासून. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा पाच कामगारांपासून लागू व्हायचा. तो आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे आणि तिथे अट दहा कामगारांची आहे. सात-आठ माणसांचा गाळा या सगळ्या चौकटींच्या बाहेर राहतो.

घर, कागद आणि शाळा

दुकानदाराचं घर बहुतेक वेळा नोंदणीकृत सोसायटीत असतं. त्याच्याकडे करारनामा असतो, वीजबिल असतं, जीएसटी नोंदणी असते. या कागदांवर बँक कर्ज देते आणि मुलांना खासगी शाळेत प्रवेश मिळतो.

कामगार राहतो चाळीत, झोपडपट्टीत किंवा गाळ्याच्याच पोटमाळ्यावर. खोली चार-पाच जणांत वाटलेली, भाडेकरार नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून कर्ज, आरटीईचा प्रवेश, फेरीवाल्याचा परवाना सगळंच अडतं. काशीमीरातल्या जनता नगर आणि काशीचर्च झोपडपट्ट्यांसाठी शहरी गरिबांची घरकुल योजना, म्हणजे बीएसयूपी, आखली गेली, पण ती वर्षानुवर्षं रखडली.

बरेच कामगार कुटुंब गावीच ठेवतात. कमाईचा मोठा भाग गावी जातो. बिहार सरकारच्या २०२३ च्या जातनिहाय पाहणीत ३४.१३ टक्के कुटुंबांचं मासिक उत्पन्न सहा हजार रुपयांपर्यंतच असल्याचं समोर आलं. भाईंदरहून जाणाऱ्या चार-पाच हजारांची तिथे काय किंमत असेल, ते यावरून कळतं.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा फरक उघडा पडला. दुकानदारांचंही नुकसान झालं, भाडं आणि देणी थकली. पण राहतं घर हातात होतं. कामगाराची मजुरी आणि डोक्यावरचं छप्पर एकाच वेळी गेलं. १ मे २०२० पासून सुटलेल्या श्रमिक रेल्वेंनी देशभरातून ६३ लाखांहून जास्त लोक गावी परतले.

राजकीय वजन

सप्टेंबर २०१५ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेने जैनांच्या पर्युषण काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला आणि राज्यभर वाद पेटला. निर्णय बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण महापालिकेकडून असा निर्णय करून घेण्याइतकं या समाजाचं वजन आहे, हे त्यातून दिसलं. विधानसभेच्या मीरा-भाईंदर मतदारसंघातून २०१४ मध्ये नरेंद्र मेहता, २०१९ मध्ये गीता जैन आणि २०२४ मध्ये पुन्हा मेहता निवडून आले.

उत्तर भारतीयांची मतं सगळ्याच पक्षांना हवी असतात. पण ज्याचं मतदार यादीतलं नाव गावीच आहे, त्याला इथला नगरसेवक कशाला विचारेल?

२००८ मध्ये मनसेच्या आंदोलनात टॅक्सीवाले आणि फेरीवाले लक्ष्य झाले, तेव्हा नाशिक-पुण्यातून हजारो कामगारांनी गावाकडची ट्रेन पकडली. २०२५ मध्ये दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी शहरातली दुकानं बंद केली. मारहाण दोन्ही वेळा चुकीचीच. पण एकाला शहर सोडावं लागलं आणि दुसरा शहर थांबवू शकला.

पण सगळेच तसे नाहीत

इथे एक काळजी घ्यायला हवी. राजस्थानातून आलेला प्रत्येक जण शेठ नसतो. फर्निचरचं काम करणारे सुतार, मार्बल बसवणारे कारागीर, दुकानात पगारावर राबणारी मुलं हेही राजस्थानीच आहेत आणि त्यांची परिस्थिती यूपीच्या कामगाराच्या जवळची आहे. दुसऱ्या बाजूला उत्तर भारतीयांत बिल्डर, डॉक्टर, वकील, तबेल्याचे मालकही आहेत.

मग मराठीचं काय?

भाषेच्या बाबतीतही दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. कायमचं दुकान आणि घर असलेल्या, दोन-दोन पिढ्या इथे काढलेल्या व्यापाऱ्याकडे मराठी शिकायला वेळ आणि साधनं दोन्ही असतात. त्याच्याकडून ग्राहकाशी मराठीत बोलण्याची अपेक्षा करणं वावगं नाही. बारा तास प्रेसवर उभा राहणारा, मालकाशी आणि खोलीतल्या सोबत्यांशी हिंदीतच बोलणारा कामगार मराठी शिकणार कुठे? त्याच्या मुलांसाठी पालिकेची हिंदी माध्यमाची शाळा असते. तिथे मराठी नीट शिकवली जाते का, हा प्रश्न पालिकेला विचारायला हवा.

आणि स्थानिकांची तक्रार? घरं महागली, व्यापारात मराठी माणूस मागे पडला, कमी मजुरीमुळे कामं गेली, हे मुद्दे खोटे नाहीत. पण गाळ्यांच्या आणि घरांच्या किमती पॉलिशवाला ठरवत नाही. आणि स्वस्त मजुरीवर माणूस ठेवण्याचा निर्णय तो मजूर घेत नाही. दोघांना एकाच शब्दात बसवलं की राग बहुतेक वेळा ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर निघतो.

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. आता ती २०२७ मध्ये होणार आहे. तिच्यात मातृभाषा, जन्मठिकाण आणि स्थलांतराचं कारण विचारलं गेलं, तर मीरा-भाईंदरमध्ये कोण कुठून आणि कशासाठी आलं, याचा हिशेब नव्याने मांडता येईल. तोपर्यंत एखादा व्हिडिओ पुढे पाठवताना 'परप्रांतीय' म्हणजे नेमका कोण, एवढं तरी विचारायला हरकत नाही.