तिच्या वतीने बोलायचं कोणी? अरुणा शानबाग आणि केईएमच्या परिचारिका

इथल्या एनएचएसमध्ये काम करणाऱ्या आपल्या मराठी सिस्टर आणि ब्रदर मंडळींना आजचा इतिहासाचा भाग अगदी जवळचा वाटेल. पण भारतात वयस्कर आईवडील असलेल्या आपल्या प्रत्येकालाही तो लागू पडतो. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल, तर त्याच्या वतीने बोलायचं कोणी? रक्ताच्या नात्याने, डॉक्टरने, की रोज अंग पुसणाऱ्या नर्सने? भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला, तो मुंबईच्या परळमधल्या केईएम रुग्णालयातून.

अरुणा शानबाग मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची, कोकणी बोलणाऱ्या घरातली. नर्स होण्यासाठी ती मुंबईला आली आणि केईएममध्ये लागली. लग्न ठरलेलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ती कपडे बदलत असताना रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्याने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली, तोवर मेंदूचा प्राणवायू तुटून कायमची इजा झाली होती. दृष्टी गेली, वाचा गेली, हातपाय आखडत गेले. तेव्हा ती २५ वर्षांची होती.

आता कायद्याने काय केलं ते ऐका. आरोपीवर खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि चोरीचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. त्या काळात मुलीची अब्रू झाकणं हीच तिची काळजी समजली जाई. शिवाय तिच्यावर जो अत्याचार झाला, तो तेव्हाच्या बलात्काराच्या व्याख्येत बसतही नव्हता. ती व्याख्या रुंदावली २०१३ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. अरुणाची खाट मात्र सुटली नाही.

या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला कामाच्या जागी सुरक्षितता द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे १९८० च्या सुमारास महापालिकेने तिला केईएममधून हलवायचं ठरवलं. सात वर्षं अडलेली खाट मोकळी व्हावी, असा हिशोब होता. परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. अरुणा वॉर्ड चारच्या बाजूच्या खोलीतच राहिली.

तिथे रोज काय होत होतं, हे नर्स असलेल्या श्रोत्यांना सांगायला नको. आंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण कुस्करून भरवणं, दर पाळीला कपडे बदलणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा व्हायला किती दिवस लागतात, हे तुम्ही जाणता. अरुणाची काळजी इतकी चोख होती की न्यायालयाने तिला बेडसोअर नसल्याची कौतुकाने नोंद घेतली. ज्यांनी तिच्याबरोबर काम केलं होतं त्या निवृत्त झाल्या. मग ज्यांनी तिला कधी चालताना पाहिलंच नव्हतं, त्या मुलींनी ते काम हाती घेतलं. १ जूनला तिचा वाढदिवसही वॉर्डात साजरा होई.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये अरुणावर पुस्तक लिहिलं आणि २००९ मध्ये तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. असं जगणं म्हणजे जगणं नव्हे, तिचं अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्या, ही मागणी होती. त्यामागे क्रूरपणा नव्हता, कळवळाच होता. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली आणि ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला.

या निकालाचा एक धागा थेट आपल्या इथल्या यॉर्कशायरशी जोडलेला आहे. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत चेंगरलेला टोनी ब्लँड हा तरुण एअरडेल रुग्णालयात बेशुद्धावस्थेत होता. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचं नळीतून दिलं जाणारं अन्न थांबवायला परवानगी दिली. त्याचे आईवडील आणि डॉक्टर त्याला राजी होते. भारताच्या न्यायालयाने याच निकालाचा आधार घेतला आणि ठरावीक परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवता येतील असं पहिल्यांदा मान्य केलं.

मग अरुणाच्या बाबतीत नकार का? कायद्यात ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणजे वादमित्र असतो, जो स्वतः बोलू न शकणाऱ्याच्या वतीने बोलतो. अरुणाचे आईवडील राहिले नव्हते आणि जवळचे नातेवाईक फिरकत नव्हते. न्यायालयाने म्हटलं, की विराणींची तळमळ खरी आहे, पण रात्रंदिवस तिचं करणारे केईएमचे कर्मचारीच तिचे वादमित्र आहेत. आणि त्यांना ती जगायला हवी होती. निकालानंतर परिचारिकांनी पेढे वाटले.

नर्सिंगच्या इतिहासात ही गोष्ट मोठी आहे. नर्स म्हणजे डॉक्टरने सांगितलेलं करणारी, एवढीच तिची ओळख वर्षानुवर्षं होती. इथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सेवेच्या नात्याला रक्ताच्या नात्याच्या जागी बसवलं.

पण श्रोतेहो, एक प्रश्न तरीही उरतो. अरुणाला स्वतःला काय हवं होतं? ते कोणालाच सांगता येत नव्हतं. विराणींना ती सुटावी असं वाटे, परिचारिकांना ती राहावी असं वाटे. दोन्हीकडे माया होती, पण माया म्हणजे रुग्णाची इच्छा नव्हे. जिची आपण सेवा करतो तिच्यात जीव गुंततो. मग तिच्या वतीने बोलताना आपण आपल्याच मनातलं बोलतोय का, हे नर्सने स्वतःला विचारावं लागतं. तुमच्या इथल्या एनएमसीच्या आचारसंहितेतही दुर्बल रुग्णाची बाजू मांडणं हे कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते वाचायला सोपं आहे, पण वॉर्डात निभावणं कठीण.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली. जवळपास ४२ वर्षं ती त्याच रुग्णालयात होती. भोईवाड्याच्या स्मशानात नातेवाइकांबरोबर केईएमच्या अधिष्ठात्यांनीही तिला अग्नी दिला.

तिच्या खटल्याने उघडलेला रस्ता पुढे गेला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. शुद्धीत असतानाच, पुढे कोणते उपचार नकोत हे आता लिहून ठेवता येतं. २०२३ मध्ये त्याचे नियम सोपे झाले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २००५ च्या कायद्यानुसार, केवळ ‘मी मुलगा आहे’ म्हणून आईच्या उपचारांचा निर्णय तुम्हाला घेता येत नाही. तिने तसा अधिकार आधी लिहून दिलेला असावा लागतो.

म्हणून या रविवारी गावाकडे फोन लावाल तेव्हा हवापाणी, गुडघेदुखी विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट विचारा. आई, बाबा, उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने मी काय सांगू? सुरुवातीला ‘अभद्र बोलू नकोस’ असं ऐकावं लागेल. तरी विचारा. अरुणाला हे विचारायची संधी कोणालाच मिळाली नाही.

आणि नाइट ड्युटीवरच्या आमच्या सिस्टर, ब्रदर मंडळींनो, सांभाळून घरी जा.