संयुक्त सूक्ष्मदर्शकाची निवड

संयुक्त सूक्ष्मदर्शक हे दोन भिंगसंचांच्या साहाय्याने सूक्ष्म वस्तूची विशालित प्रतिमा दाखवणारे प्रकाशीय उपकरण आहे. वस्तूजवळील भिंगसंचास वस्तुभिंग, तर डोळ्याजवळील संचास नेत्रिका म्हणतात. प्रयोगशाळेसाठी त्याची निवड करताना विभेदनक्षमता, प्रकाशयोजना, यांत्रिक बांधणी आणि देखभाल यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

विशालन आणि विभेदन

वस्तुभिंग व नेत्रिका यांच्या विशालनांचा गुणाकार म्हणजे एकूण विशालन होय. उदा., ४० पट वस्तुभिंग व १० पट नेत्रिका असल्यास ते ४०० पट होते. मात्र अधिक विशालन म्हणजे अधिक चांगला सूक्ष्मदर्शक, हा समज चुकीचा आहे. जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, म्हणजेच विभेदनक्षमता, प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि वस्तुभिंगाच्या संख्यात्मक द्वारकावर अवलंबून असते. ही मर्यादा जर्मन भौतिकीविज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडली. हिरव्या प्रकाशात ०.६५ द्वारकाचे वस्तुभिंग सुमारे ०.५ मायक्रोमीटर, तर १.२५ द्वारकाचे तैलनिमज्जन वस्तुभिंग सुमारे ०.२७ मायक्रोमीटर अंतरावरील बिंदू वेगळे दाखवू शकते. उपयुक्त विशालन साधारणतः द्वारकाच्या ५०० ते १००० पट असते. त्यापलीकडे प्रतिमा केवळ मोठी होते, तपशील वाढत नाही. यास पोकळ विशालन म्हणतात.

उपयोगानुसार निवड

कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहण्यासाठी ४, १० व ४० पट वस्तुभिंगे पुरेशी असतात. जीवाणू किंवा रक्तलेपातील हिवतापाचे परजीवी पाहण्यासाठी १०० पट तैलनिमज्जन वस्तुभिंग आवश्यक ठरते. त्यासोबत परितारिका पटल असलेला, वरखाली करता येणारा संग्राहक हवा. निकृष्ट भिंगामुळे परजीवी नजरेतून सुटल्यास निदानच चुकते. म्हणून मर्यादित निधी सुट्या साहित्यापेक्षा वस्तुभिंगांवर खर्च करणे हितावह असते. साधी अवर्णी भिंगे स्वस्त असतात, परंतु त्यांत क्षेत्राच्या कडा धूसर दिसतात. समतल अवर्णी भिंगांत कडेपर्यंत स्पष्टता राहते. दीर्घकाळ निरीक्षण करणाऱ्यास द्विनेत्री नळी कमी थकवते.

खरेदीपूर्व तपासणी

१० पट भिंगाखाली स्पष्ट केलेली प्रतिमा ४० पट भिंग फिरवून आणल्यावर सूक्ष्म चकतीच्या किंचित फिरवण्याने पुन्हा स्पष्ट झाली पाहिजे, आणि वस्तू क्षेत्राच्या मध्याजवळच राहिली पाहिजे. मंच आपोआप खाली घसरता कामा नये. ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आच्छादक काचेसाठी बनवलेल्या भिंगांवर हा आकडा कोरलेला असतो. वस्तुभिंगे व नळी एकमेकांना अनुरूप असावी लागतात. १६० मिलिमीटर नळीसाठीची आणि अनंत-संशोधित भिंगे परस्परांत बदलता येत नाहीत.

देखभाल

दमट हवामानात भिंगांवर बुरशी येते व काचेचा थर कायमचा बिघडू शकतो. त्यामुळे उपकरण कोरड्या जागी, सिलिका जेलसह ठेवतात. तैलनिमज्जन भिंगावरील तेल वापरानंतर लगेच भिंगकागदाने पुसावे. तेलाचा थेंब ४० पट भिंगास लागू देऊ नये, कारण ते कोरड्या वापरासाठी असते.