मुंबईचीं चित्रें आणि मुंबईचा माणूस

शहर बांधणारे आपलीं नांवें शिळांवर कोरून ठेवतात; त्या शहरांत राबणाऱ्यांची आठवण मात्र लेखणी, कुंचला आणि रुपेरी पडदा यांच्याच स्वाधीन असते. मुंबईचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचा 'मुंबईचें वर्णन' हा ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध झाला. आगगाडी सुरू होऊन तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं आणि किल्ल्याचा जुना तट त्याच दशकांत जमीनदोस्त झाला. माडगांवकरांनीं बाजार, देवळें, धंदे, नाना जातींचे लोक यांची मोठ्या आस्थेनें नोंद केली. तथापि त्यांची दृष्टि नगरीचें वैभव न्याहाळणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाची होती.

पुढें महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं मुंबईच्या रस्त्यांवरील स्त्रीपुरुष त्यांच्या वेषभूषेसह रंगविले. १८९९ मध्यें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चलच्चित्र घेतलें. चेहरा आला, हालचाल आली. परंतु चित्रांतील माणूस मुकाच होता.

त्याला वाचा फुटली ती नारायण सुर्वे यांच्या काव्यांत. गिरणगांवांत वाढलेल्या आणि बालपणींच गिरणींत राबलेल्या या कवीचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२ सालीं निघाला. म्हणजे वर्णन करणाऱ्या माडगांवकरांपासून स्वतःविषयीं बोलणाऱ्या कामगारापर्यंत पोंचण्यास मराठी साहित्याला ९९ वर्षें लागलीं!

त्यानंतर वीस वर्षांतच, १८ जानेवारी १९८२ रोजीं, सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि कालांतरानें धुराड्यांच्या जागीं उंच इमारती व व्यापारी संकुलें उभीं राहिलीं. अशा एका कामगार कुटुंबाची वाताहत जयंत पवार यांनीं 'अधांतर' नाटकांत दाखविली. त्यावरूनच २०१० मध्यें 'लालबाग परळ' हा चित्रपट निघाला.

संपाचे आंकडे दप्तरांत सांपडतील. परंतु पगार थांबलेल्या घरांत माय-लेकरें एकमेकांशीं काय बोललीं, हें कोणत्याही दप्तरांत लिहिलेलें नसतें. माडगांवकरांचा तट गेला, सुर्व्यांचें गिरणगांवही गेलें. जें शब्दांत अथवा चित्रांत उतरलें, तेवढेंच पुढील पिढीच्या हातीं राहिलें. म्हणून नगरीच्या वैभवाबरोबर तिच्या चाळींचीही नोंद वेळींच झाली पाहिजे. पाडलेल्या भिंती साक्ष देत नाहींत.