लीलावतींतील चितिव्यवहार व भिंतीच्या विटा

भिंतीस विटा किती लागतील, हा प्रश्न गवंड्याचा खरा, परंतु भास्कराचार्यांनीं (जन्म शके १०३६, इ. स. १११४) लीलावतींत त्यास ‘चितिव्यवहार’ म्हणून स्वतंत्र स्थान दिलें आहे. रीति अशी कीं, रचाईच्या घनफळास एका विटेच्या घनफळानें भागिलें असतां विटांची संख्या येते, व रचाईच्या उंचीस विटेच्या उंचीनें भागिलें असतां थर येतात. उदाहरणांतील वीट १८ अंगुळें लांब, १२ रुंद व ३ उंच. रचाई ८ हात लांब, ५ रुंद व ३ उंच. २४ अंगुळांचा हात धरिला म्हणजे विटा २५६० व थर २४ येतात.

आतां एका थराचा हिशेब केला, तर १०६ विटा व वर दोनतृतीयांश वीट पडते. शिवाय सांध्यांतील चुन्यास किंवा चिखलास येथें जागाच धरिलेली नाहीं. यावरून हें गणित घनफळाचें आहे, प्रत्यक्ष बांधणीचें नव्हे, असें आम्हांस वाटतें. म्हणून एवढ्याच आधारावर तत्कालीन विटेचें माप ठरवूं नये. पोथ्या ताडून पाहणारांस मात्र या उदाहरणाचा उपयोग मोठा आहे. लेखकप्रमादानें एखादा अंक बदलला असल्यास उत्तर जुळत नाहीं, व शुद्ध पाठ गणितानेंच निवडतां येतो. लांबी-रुंदीची अदलाबदल तेवढी त्यानें उघड होत नाहीं. तेथें पोथीच पाहिली पाहिजे.