झेलमपासून समुद्रापर्यंत : दोस्तांचा एक जलप्रवास

शाळेच्या इतिहासात अलेक्झांडरची भारतातली गोष्ट बियासच्या काठावर संपते. पोरसाशी लढाई, मग सैन्याने पुढे जायला दिलेला नकार आणि मग 'अलेक्झांडर परत फिरला'. झाले! जणू बियासच्या काठावरून तो टांग्यात बसला आणि घरी गेला. मी कित्येक वर्षे वर्गात हेच वाक्य शिकवले, कारण पुस्तकात तेवढेच होते. पण गंमत अशी की तो आला त्या वाटेने परत गेलाच नाही. तो झेलमपर्यंत मागे आला, तिथे होड्या बांधल्या आणि नदीतून थेट समुद्राकडे निघाला. हा प्रवास दहा महिने चालला. आणि त्या होड्यांवरचे निम्मे तांडेल त्याचे जवळचे दोस्त होते.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती त्यातल्याच एका दोस्तामुळे. त्याचे नाव निआर्कस. हा मूळचा क्रीट बेटावरचा. अलेक्झांडर राजपुत्र असताना बाप-लेकात एकदा मोठे वाजले. तेव्हा फिलिपने पोराचे पाच मित्र हद्दपार केले. पोराला शिक्षा करता येत नाही म्हणून मित्रांना करायची, ही रीत आपल्याकडेही आहे म्हणा! फिलिप मारला गेल्यावर अलेक्झांडरने सगळ्यांना परत बोलावले आणि शेवटपर्यंत हा उपकार मानला. त्या पाचांपैकी निआर्कस, टॉलेमी आणि लाओमेडॉन हे तिघेजण या जलप्रवासात होते. निआर्कस तर साऱ्या आरमाराचा प्रमुख होता. त्याने पुढे प्रवासाची हकीकत लिहिली. ते पुस्तक काळाच्या ओघात हरवले. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आरियन नावाच्या ग्रीक लेखकासमोर ते होते आणि त्याने त्यातला मजकूर आपल्या 'इंडिका' ग्रंथात घेतला.

होड्या किती होत्या यावर जुन्या लेखकांचे एकमत नाही. एक हिशोब आठशेचा आहे, तर दुसरा, लहानसहान पडाव धरून, दोन हजारांच्या जवळ जाणारा. लाकूड झेलमच्या वरच्या अंगाच्या डोंगरातले. वल्हेकरी फिनिशियन, सायप्रसचे, इजिप्तचे. म्हणजे ज्यांना पाण्याची सवय होती असे. ग्रीक लोक झेलमला हायडास्पीस म्हणत. आपली जुनी वितस्ता ती हीच. चिनाब म्हणजे असिक्नी, तिला चंद्रभागाही म्हणतात. (आपल्या पंढरपूरची नव्हे हो!)

निघण्याआधी अलेक्झांडरच्या डोक्यात एक मजेदार कल्पना होती. सिंधूत त्याला मगरी दिसल्या, चिनाबच्या काठी इजिप्तमध्ये होते तशी घेवड्याच्या जातीची वनस्पती दिसली. तेव्हा त्याने ठरवून टाकले, की हाच नाईलचा उगम! म्हणजे इथून होडीत बसायचे आणि इजिप्तमध्ये उतरायचे. आईला तसे पत्रही लिहिले. मग इथल्या लोकांनी सांगितले, की बाबा रे, या सगळ्या नद्या सिंधूला मिळतात आणि सिंधू समुद्राला. त्याने तेवढा मजकूर पत्रातून खोडला. जगज्जेत्याला भूगोल शिकवणारे ते पंजाबी मास्तर मला फार जवळचे वाटतात.

इ.स.पू. ३२६ च्या हिवाळ्याच्या तोंडाला एका पहाटे आरमार निघाले. अलेक्झांडर नाळेवर उभा राहिला, सोन्याच्या पात्रातून त्याने नदीला अर्घ्य दिले, वितस्तेचे नाव घेतले, असिक्नीचे घेतले, सिंधूचे घेतले. मग तुतारी वाजली. होड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ठरावीक अंतर ठेवून चालल्या होत्या. काठ उंच होते, त्यामुळे हजारो वल्ह्यांचा आवाज दोन्ही बाजूंनी घुमत होता. काठावरच्या लोकांनी होडीत उभे राहिलेले घोडे कधी पाहिले नव्हते. लोक धावत आले आणि गाणी म्हणत काठाकाठाने बरोबर चालत राहिले. आरियन म्हणतो, इथले लोक गाण्या-नाचण्याचे मोठे शौकीन.

हा भाग वाचताना मला नेहमी थांबावेसे वाटते, कारण पुढे जे आहे ते असे नाही.

झेलम-चिनाबच्या संगमावर नदी अरुंद होते आणि प्रचंड भोवरे उठतात. आवाज ऐकूनच वल्हेकऱ्यांच्या हातातली वल्ही थांबली. रुंद बुडाच्या मालवाहू होड्या गरगर फिरल्या पण निभावल्या. लांबट लढाऊ होड्यांची वल्ही मोडली, दोन होड्या एकमेकींवर आपटून बुडाल्या, बरीच माणसे गेली. इथून अलेक्झांडर होडी सोडून जमिनीवर उतरला, मालवांवर चालून जाण्यासाठी. मालव आणि क्षुद्रक हे तिथले स्वतंत्र बाण्याचे गण. त्यांनी याचे काहीही वाकडे केलेले नव्हते. पाणी नसलेल्या मुलखातून, कोणी येणार नाही अशा बाजूने, हा रातोरात गेला आणि शेतावर निःशस्त्र असलेली माणसे कापली. त्यांच्याच एका गावात लोकांनी शरण जाण्याऐवजी आपल्या हाताने घरांना आगी लावल्या.

शेवटी मालवांच्या एका गढीवर तो शिडीने चढला आणि एकटाच आत उडी मारली. मागून शिड्या मोडल्या. तिथे त्याच्या छातीत बाण घुसला. प्युसेस्टस आणि लिओनेटस या दोघांनी अंगावर घाव झेलत त्याला ढालीआड धरले. तिसरा, अब्रियास, तिथेच पडला. बाकीचे सैन्य आत शिरले तेव्हा त्यांनी गावात कोणालाही सोडले नाही, बायका नाहीत, मुले नाहीत. आरियनने हे एका वाक्यात सांगितले आहे. दोस्तांनी दोस्तासाठी जीव धोक्यात घातला ते आणि हे, एकाच दिवसाचे, एकाच गढीतले आहे. वर्गात सांगताना आम्ही पहिला अर्धा भाग सांगत असू.

खाली संगमावरच्या छावणीत बातमी पोचली, की राजा गेला. तो जिवंत असल्याचे पत्र आले तर कोणाला खरे वाटेना. तेव्हा त्याला होडीत घालून रावीतून खाली आणले. छावणी जवळ आल्यावर त्याने वरचे छत काढायला लावले, सगळ्यांना दिसावे म्हणून. तरी लोकांना वाटले प्रेतच आणले. मग त्याने हात वर केला.

या प्रसंगातली पुढची गोष्ट निआर्कसने लिहून ठेवली. दोस्तांनी त्याला खडसावले : हे काम सेनापतीचे नव्हे, शिपायाचे. अलेक्झांडर चिडला, आणि निआर्कसच्या मते चिडला तो ते खरे होते म्हणून. मग एक म्हातारा शिपाई जवळ आला आणि त्याने आपल्या गावठी बोलीत बाजू घेतली, की पराक्रम करणे हेच मर्दाचे काम. त्या म्हाताऱ्यावर राजाची मर्जी बसली. हे वाचले की खरे मित्र कोणते आणि लाडके कोणते ते कळते!

पुढचा सिंधमधला भाग बंडे, फाशा आणि ओस पडलेली गावे यांचा आहे. इ.स.पू. ३२५ च्या ऐन पावसाळ्यात ते पाटल या मुखाजवळच्या नगरात पोचले, तर लोक पळून गेलेले. वाट दाखवायला कोणी नाही. समुद्राच्या जवळ वारा सुटला म्हणून होड्या एका फाट्यात घातल्या, आणि पाणी निघून गेले. होड्या चिखलात! ग्रीकांच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. त्यांना हा प्रकार ठाऊकच नव्हता. काही तासांनी पाणी परत आले. नीट रुतलेल्या होड्या अलगद उचलल्या गेल्या, कलंडलेल्या मात्र आपटून फुटल्या. आमच्या कोकणात पाच वर्षांच्या पोराने त्यांना सांगितले असते, की खाडीत होडी कधी घालायची. पुढे अलेक्झांडर भर समुद्रात गेला, बैल बळी दिले, अर्घ्य दिले आणि ते सोन्याचे पात्र समुद्रात टाकले. आपण नारळी पौर्णिमेला नारळ टाकतो. त्या वेळी दर्या तसाच उधाणलेला असणार.

आता आरमार समुद्रमार्गे इराणकडे न्यायचे होते. कोणाला पाठवायचे? राजाने निआर्कसपुढे एकेक नाव घेतले आणि स्वतःच खोडले : हा धोका पत्करणार नाही, त्याचे काळीज लहान, तिसऱ्याला घरची ओढ. शेवटी निआर्कस म्हणाला, मी जातो. अलेक्झांडर आधी नाही म्हणाला, मित्राला असल्या संकटात कसा घालू? पण मनातून त्याला तेच हवे असावे, असे मला वाटते. खलाशांना मात्र धीर आला, की राजाने निआर्कसला पाठवले म्हणजे जगण्याची आशा आहे.

मुखातून बाहेर पडून नैर्ऋत्येचा वारा पडेपर्यंत निआर्कस चोवीस दिवस एका बंदरात थांबला. मकरानच्या किनाऱ्याने जाताना देवमासे आले, तेव्हा वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही गळाली. त्याने होड्या लढाईसारख्या ओळीत लावल्या आणि आरडाओरडा व तुताऱ्यांनी त्यांना पळवले. तिकडे अलेक्झांडर जमिनीवरून वाळवंटात सैन्य घालवून बसला होता, आणि आरमारही बुडाले असे धरून चालला होता.

होर्मुझजवळ उतरून निआर्कस मोजक्या सोबत्यांसह त्याला शोधायला निघाला. समोरून राजाचीच शोधायला पाठवलेली माणसे आली आणि ओळख न पटता पुढे निघून गेली, इतके ते केस वाढलेले, मिठाने माखलेले आणि खंगलेले होते. निआर्कसच्या सोबत्याने हाक मारून विचारले तेव्हा कळले. अलेक्झांडरने त्यांना पाहिले आणि तो समजला, एवढेच वाचले. निआर्कसचा हात धरून त्याला बाजूला नेले आणि कितीतरी वेळ रडला. मग म्हणाला, तू आलास म्हणून सोसेन. होड्या कशा बुडाल्या ते सांग. निआर्कस म्हणाला, महाराज, होड्या सुखरूप आहेत. तो पुन्हा रडला, आणि त्याने शपथेवर सांगितले, की सारा आशिया जिंकल्यापेक्षा हा आनंद मोठा आहे.

इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला तापाने पडला असताना तो निआर्कसकडून या सफरीचीच हकीकत ऐकत होता, असे प्लुटार्क राजाच्या रोजनिशीच्या आधाराने सांगतो. थोड्याच दिवसांत तो गेला.

झेलमवर होड्या ज्यांच्या नावावर लावल्या होत्या, त्यांची यादी आरियनने बापाच्या आणि गावाच्या नावासकट उतरून ठेवली आहे. तेहतीस नावे आहेत. त्यात युमेनीस आहे, ज्याच्याशी लढताना दोन वर्षांनी क्रेटरस पडला. टॉलेमी आहे, ज्याच्यावर पर्डिकस इजिप्तमध्ये चालून गेला आणि तिथे आपल्याच सरदारांच्या हातून मारला गेला. पर्डिकस आणि क्रेटरस दोघेही ओरेस्टिस या एकाच मुलखाचे, म्हणून यादीत त्यांची नावे शेजारीशेजारी आहेत.